वाटीत झाळलेले रुपये

मंडळी, मला सांगा, देवाला वाहिलेली वस्तू उपटून काढली तर पाप लागतं का?

अहो, असं बघू नका! हा प्रश्न माझा नाही! माझ्या मैत्रिणी, त्या बघा, खांबापाशी ओढणी तोंडावर धरून हसतायत, त्यांनी पैज लावली. म्हणाल्या, "शर्वरी, कीर्तनात उभं राहून हे विचारून दाखव! सगळ्या आज्या तुला कच्ची खातील!" विचारलं बाई! अजून तरी कुणी खाल्लं नाही. काकू, तुम्ही मात्र जरा लांबच बसा!

आता उत्तर मी कोण देणार? उत्तर आख्यान देईल. ऐका!

बोरखेत नावाचं गाव. गावात अन्नपूर्णेचं देऊळ. देवीच्या मुठीत काय? तलवार? त्रिशूळ? छे! डाव! खीर वाढायचा, लांब दांड्याचा पितळी डाव. उत्सवाला तो मूर्तीच्या हातातून काढायचा आणि पंगतीला खीर त्यानंच वाढायची. लोक म्हणायचे, हा डाव नाही, आईचा हात आहे.

एका दुष्काळात या गावी सगुणा आली. कडेवर तान्ही पोर, ओळख ना पाळख. पंगतीच्या पार शेवटी, चपलांशेजारी बसली. कुणी विचारलं, "बाई, कुठली तू? कुणाची?" नाही! सरळ पानावर डाव उपडा झाला. गरम खीर! रडत रडत जेवली ती. मग हात जोडले. "आई, माझी मुक्ता जगू दे. तिच्या लग्नाआधी याच डावानं सगळ्या गावाला खीर वाढीन."

राहिली गावातच. राबली. मुक्ता वाढली, आणि लग्न ठरलं! उत्सव झाला की लग्न, लग्न झालं की पोरगी लांब सासरी. सगुणा नवस फेडायला देवळात गेली, डाव हातात घेतला, आणि बघते तर काय!

झालं होतं असं. मधे पाऊसपाणी बरं झालं. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाला नातू झाला. आता देवीचे आभार कसे मानायचे? घरातला जुना राणीछाप चांदीचा रुपया काढायचा आणि तांबटाकडून कथलानं डावावर झाळून, म्हणजे पक्का चिकटवून घ्यायचा. एकानं झाळला. काय शोभला! मग दुसरा मागं राहतोय होय? दांडा भरला. आता तरी थांबावं की नाही माणसानं? पण नाही! लावले आत, वाटीत! जिथं खीर मावायची, तिथं! आणि मधोमध, मानाच्या जागी, पाटलांच्या घरचा रुपया.

डाव दिसायला असा देखणा, की दृष्ट काढावी! वाढायला? शून्य! पंगतीत तो नुसता मिरवायचा, आणि खीर वाढायची साध्या ओगराळ्यानं. सगुणा दर उत्सवाला मागं चुलीपाशी राबायची, तिनं तो लांबूनच पाहिलेला.

सगुणा पाटलांकडं गेली. "दौलतराव, वाटीतले तेवढे रुपये काढू द्या. माझा नवस अडलाय."

"काय बोलतेस!" पाटील ताडकन उठले. "लहानपणी मी तापानं जायचाच होतो. वाचलो, म्हणून माझ्या वडलांनी तो रुपया देवीपुढं वाहिला, तोच मी डावावर झाळून घेतला. देवीला दिलेलं उपटायचं? कोप होईल कोप! ओगराळ्यानं वाढ की!"

"मी ओगराळ्याचा नवस बोलले नव्हते, पाटील."

"मग देवीशीच बोल!"

आता बघा हं! पाटील वाईट होते का? नाही! त्यांचे आभार खरे होते. पण सगुणाचेही खरेच होते ना? मग करायचं काय?

उत्सवाचा दिवस. पानं मांडली. सगुणानं तोच डाव, तसाच, खिरीच्या हंड्यात बुडवला. वर आलं काय? रुपयांना चिकटलेलं एखादं शीत! ते वाढलं पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर नुसता थेंब. सगुणा म्हणते, "देवी वाढतेय हं, सावकाश होऊ द्या!" लोक हसले. बाई पुढं. शीत... थेंब... लोक हसायचे थांबले.

दौलतरावांशेजारी त्यांची नात बसलेली, चिमी. सकाळपासून खिरीची वाट बघत होती पोर. तिनं पानाकडं बघितलं, मग डावाकडं, मग आजोबांकडं.

"आजोबा, देवीकडं एवढीच खीर आहे?"

मंडळी, उत्तर द्या बरं तुम्ही!

दौलतराव पानावरून उठले. दोन्ही हातांनी डाव घेतला. म्हणाले, "पोरी, तिच्याकडं पुष्कळ आहे गं. हात आम्ही बांधलाय तिचा." मग वळले. "गणू तांबटा, ऊठ!"

"अहो पाटील, जेवू तरी द्या!"

"काय जेवतोस? एक शीत?"

उठला बिचारा! अंगणात निखारे केले. पाटलांना घाई, ते घालतायत वारा. गणू ओरडला, "जाळ नका करू! देवी कोपायची नाही, पण डावाला भोक पडेल!" मंद आचेवर डाव फिरवत राहिला. हळूहळू कथील पातळ झालं. लाकडी हातोडीनं अलगद ठोकलं... टण्! पाटलांचाच रुपया पहिला पडला! सगळ्या गावानं डोळे मिटले. वीज पडली? नाही! धरणी फाटली? नाही! एक कावळा तेवढा ओरडला, तोही खिरीसाठी!

पाटलांनी तो गरम रुपया या हातातून त्या हातात करत देवीच्या पायाशी ठेवला. "आई, मला वाचवलंस, त्याचे आभार अजून आहेत. पण वाढायच्या जागेत नकोत."

मग घरोघरचा एकेक रुपया सुटला, पायाशी गेला. दांड्यावरचे राहिले, त्यांचा कुणाला अडथळा? वाटी चिंचेनं घासली, नवसागराचा धूर निघाला, कल्हई झाली. आणि गंमत बघा, कल्हईही कथलाचीच! चिकटवायला घेतलं तर खिरीची जागा अडवतं, पसरून लावलं तर त्याच वाटीतून गाव जेवतं!

सगुणानं वाढलं. डाव भरभरून वाढलं! चिमीनं तीनदा मागून घेतलं. गावाच्या पंगती उठल्या, हंडा तळाला आला, वाढणाऱ्यांची शेवटची पंगत बसली, तेव्हा मुक्तानं आईच्या हातातून डाव काढून घेतला. "आई, बस आता. मी वाढते." सगुणा बसली. या वेळी पंगतीच्या मधोमध!

तर मंडळी, पाप लागतं का? तुम्हीच सांगा. आणि घरी जाऊन बघा, आपले आभार आपण कुठं कुठं झाळून ठेवलेत! आईला 'अन्नपूर्णा' म्हणतो आपण, म्हणतो ना? आणि ती जेवते कधी? सगळ्यांच्या मागून, गार झालेलं! नुसतं नाव झाळलंय तिला!

हसू नका, मीही त्यातलीच! आई, मंडपामागं चुलीपाशी ऐकतेयस ना? सप्ताहभर तू रांधतेयस आणि मी कीर्तनकार म्हणून मानाच्या पाटावर बसून जेवतेय. बाबा, तुम्हीही ऐका, पेटी जरा थांबवा. माझं ठरलंय. उद्याच्या महाप्रसादाला त्या पाटावर मी बसणार नाही. पहिल्या पंगतीला तुम्ही दोघं बसायचं. नको म्हणू नकोस, आई, सगळं गाव साक्षीला आहे. वाढणार मी!