ढेपीखालचं गाणं

(फुलसावंगी, लखीरामची ओसरी. बाजेवर निकिताचा लॅपटॉप, शेजारी जुना टेप आणि त्याहून जुनी एक कॅसेट. तिच्या वडिलांचे थोरले भाऊ विठ्ठलराव मुद्दाम लखीरामकडे पाठ करून बसलेत. तीस वर्षांचा राग आहे. आल्या आल्या तोंड समोर केलं तर त्या रागाची काय शोभा राहील?)

विठ्ठलराव : त्याले सांग निकिता, कॅसेट दे आन् मोकळा हो. आपन चहा प्याले नाही आलो.

लखीराम : छोरी, तुह्या मोठ्याबाबाले सांग, कॅसेट तं देतो, पन माही एक अट हाय. मंग सांगतो.

निकिता : दोघं दोन हातांवर बसलाय. मी काय मध्ये पोस्टमन आहे?

विठ्ठलराव : मी नाही बोलत याच्याशी. माह्या भावाच्या गाण्यावर यानं सरकीची ढेप इकली!

लखीराम : चांगली होती ढेप. म्हशीचं दूध वाढे.

विठ्ठलराव : मी म्हशी इकल्या, पन त्या दुकानाची ढेप गोठ्यात येऊ नाही देली!

निकिता : मोठेबाबा, पुरे. काका, तुमच्या दोघांच्या भांडणात माझं काम अडलंय. ‘पऱ्हाटी’ बँडचा अल्बम निघायच्या आधीच बाबा गेले. पुसदच्या स्टुडिओतल्या उरल्यासुरल्या टेपा मी कुठून कुठून गोळा केल्या. तुकडे जोडून सगळी गाणी उभी केली. मोठेबाबांची गिटार आहे, ड्रम आहे. फक्त बाबांचा आवाज नाही.

लखीराम : काहून?

निकिता : आवाजाच्या टेपांवर स्टुडिओवाल्याने हळदीची गाणी भरली. बाबा गेले तेव्हा मी रांगत होते, काका. ते कसे बोलायचे, कसे गायचे, मला काहीच माहीत नाही.

लखीराम : मंग वाचवलं कोनं? म्या! तो स्टुडिओवाला मले म्हने, ढेपीची जाहिरात करत ऑटोत भोंगा लावून तू गावोगाव फिरून राह्यला, तं मांगं काहीतरी धांगडधिंगा पाह्यजे ना? आन् याह्यच्या गाण्यावरच मले बोलाले लावलं.

विठ्ठलराव : धांगडधिंगा? रॉक होतं ते बे, रॉक!

निकिता : बोललात की त्यांच्याशी.

विठ्ठलराव : मी कॅसेटशी बोल्लो.

निकिता : बरं. लावते.

कॅसेट : ऐका होऽऽ! म्हैस लाथ मारते? दूध चोरते? गजराज ढेप चारा, दुसरी बादली आना!

लखीराम : आहाहा! काय आवाज होता माहा!

निकिता : शूऽ! खाली कोणीतरी गातंय.

विठ्ठलराव : अमऱ्याच तो! ‘दूध चोरते’च्या खाली. दाबला बिचारा म्हशीखाली.

लखीराम : मंग काढून टाक ना माहा आवाज. आजकाल कम्प्युटरवर सारं होते म्हन्तात.

निकिता : होतं. थांबा जरा... हं, आता ऐका.

विठ्ठलराव : वा! गेली ढेप! गेली म्हैस! हे पाय, गिटार कशी मोकळी झाली माही... पन अमर कुठी गेला?

निकिता : तोही गेला. याला माणसाचा आवाज कळतो, माणूस कळत नाही. दोघांचे आवाज असे एकमेकांत मिसळलेत, की काढले तर दोन्ही जातात आणि ठेवले तर दोन्ही राहतात.

विठ्ठलराव : म्हंजे माह्या भावाले ऐकाचं, तं याले बी ऐका लागते?

लखीराम : आता माही अट सांगतो. अल्बमवर नाव पाह्यजे. गायक, अमर आन् लखीराम.

विठ्ठलराव : गायक? म्हशीच्या लाथा सांगून राह्यला तू!

लखीराम : गावात कोनालेही इचारा, ‘पऱ्हाटी’ काय हाय? कापसाचं झाड, शेतात जाऊन पाहा म्हन्तीन. ढेपीचं गाणं म्हना, म्हातारे बी नाचून दाखवतीन!

निकिता : माझं ऐका. मला बाबा हवेत, म्हशीसकट चालतील. परत पहिल्यापासून लावते, दोघं गप्प बसा.

कॅसेट : ...दुसरी बादली आना! गजराऽऽज ढेप! 

निकिता : काका, इथे तुम्ही थांबलात?

कॅसेट : दार नको लावू, मी आलोच... वाटेत हावो, मी आलोच...

विठ्ठलराव : अमर.

निकिता : हे बाबा?

विठ्ठलराव : हो, बेटा. हाच तुहा बाप.

निकिता : ढेप नाही, काही नाही. अख्खी ओळ मोकळी. परत लावते... पुढच्या कडव्यातही तेच! ही ओळ आली की काका गप्प. का हो?

लखीराम : खर्रा थुकाले थांबलो असीन.

निकिता : दोन्ही वेळा? बरोबर त्याच ओळीवर?

लखीराम : मोठा होता खर्रा.

विठ्ठलराव : अबे, तवा तू सुपारी बी नव्हता खात. खर्रा तं पोराच्या लग्नापासून लागला तुले.

लखीराम : हे मले बोल्ले, का कॅसेटले?

विठ्ठलराव : तुले. काहून थांबला?

लखीराम : काय सांगू, भाऊ... अमर तवा नुकताच गेलता. ते ओळ लागली, का माह्याच्यानं ढेप इकनंच नाही होये.

निकिता : ...मोठेबाबा, मग नावाचं काय करू?

विठ्ठलराव : लिह्य. गायक, अमर. आन् त्याच्या खाली लिह्य... गप्प राह्यला, लखीराम.