शिट्टीपुरती जागा

हॅलो?… हॅलो, कोण, चिमी?… हो गं, ताईच बोलतेय, या चाकांवरच्या डबड्यात दुसरं कोण असणार! अकरा वाजले वाटतं. तुझा फोन आला की घड्याळ बघावं लागत नाही… छे, कामात कसली? कांदा चिरतेय. मांडीवर… अगं, मांडीवर म्हणजे मांडीवर. मांडीवर ताट, ताटात कांदा. ओटा कुठाय इथे?

… आहे, एक आहे. पण तो बेसिनचं झाकण आहे. झाकण पाडलं की ओटा, उचललं की बेसिन. म्हणजे चिरायचं असेल तेव्हा धुवायचं नाही, आणि धुवायचं असेल तर चिरलेलं सगळं उचलून गादीवर ठेवायचं… हस, हस. काल तुझ्या भावजींच्या उशीखाली गाजर निघालं. म्हणतात, हे काय? म्हटलं, तुम्हीच बांधलंय हे घर, तुम्हीच सांगा.

हो, घर सोडून तीन आठवडे झाले आज. आठ दिवसांत परत येशील म्हणाली होतीस ना? तोंड वर करून म्हणाली होतीस. आता बोल… कंटाळा? कंटाळायला जागा लागते गं, बाई. इथे एक जण उभा राहिला की दुसऱ्यानं बसायचं. फ्रिज उघडायचा तर ह्यांना खाली उतरवावं लागतं. "अहो, उतरा, दूध काढायचंय." की हे चपला घालून बाहेर. दूध काढलं, की आत. आता चहा हवा असला की स्वतःहूनच उतरतात आणि खिडकीतून माझ्याकडे बघत उभे राहतात.

… शेगडी? एकच. एकच बर्नर, अगं, हो. भात झाला की भाजी, भाजी होईपर्यंत भात गार. मग भाताचं पातेलं पांघरुणात गुंडाळून ठेवते. परवा हे त्याच्यावर पाय टाकून झोपले. उठून म्हणतात, छान ऊब होती.

बरं, माझं जाऊ दे. तू काय खाल्लंस?… आत्ता नाही, सकाळपासून… चहा. चहाबरोबर?… बिस्किटं. आणि काल?… चिमे, बिस्किटं म्हणजे जेवण नाही. काल पण बिस्किटं, परवा पण बिस्किटं, दुकानदाराला वाटत असेल घरी पाळणाघर काढलंय… नाही, ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे. पन्नास वर्षं ऐकतेयस.

ऐक ना. माझं एक काम कर… अगं, ऐक तर. तुझा तो छोटा कुकर आहे ना? तो बसका, पसरट, दोन माणसांचा. तो हवाय मला… माझा आहे गं, आणलाय, पण तो मावत नाही… सांगते. हसणार नसशील तर सांगते.

तेहतीस वर्षं या माणसानं लोकांची स्वयंपाकघरं बसवली. बरोबर? कुणाच्या कपाटाचं दार कुरकुरलं नाही की कुणाचा ड्रॉवर अडकला नाही. माझं करायला घेतलं तेव्हा तर तीन-तीनदा मापं. बरणी मोजली, चमचे मोजले, मी ओट्याशी उभी राहिले तर माझं कोपर मोजलं! कुकरही मोजला. शेगडीवर कुकर, त्याच्या वर बरोब्बर दोन बोटं सोडून कपाट… हां. आता विचार कर. मी त्या दिवशी कुकर घासला होता. आणि शिट्टी काढून खिडकीत वाळत ठेवली होती.

… हो! हो ना! शिट्टीशिवाय मोजला! थांब, हसून घे… झालं? आता शिट्टी बसवायला गेलं की ती कपाटाला टेकते. टेकली तर टेकू दे म्हणून पहिल्या दिवशी तसाच लावला, तर वाफ आली आणि वरचं कपाट धाडकन उघडलं. चहाचा डबा, साखर, मोजे, सगळं खाली… मोजे म्हणजे, मी कप मोज्यांत ठेवते गं. नाही तर गाडी वळली की फुटतात. धुतलेले आहेत! काय बाई तू पण… हो, ह्यांना एकदा मोजा सापडत नव्हता. नंतर सापडला, कपासकट.

तर ते असू दे. तुझा कुकर बसका आहे. शिट्टीसकट मावेल… नाही, पार्सल नको. पार्सलवाले कुठे शोधणार आम्हाला? आज इथे, उद्या तिथे, पत्ता काय लिहिशील, निळ्या मोटारीमागची पांढरी खोली? आम्ही गुरुवारी तुझ्या गावावरूनच जाणार आहोत. पेट्रोलपंपामागचं मैदान आहे ना, तिथे थांबू. तू ये घेऊन. आणि आलीस की आठ दिवस रहा आमच्याबरोबर… का नाही? जागा आहे. खरंच आहे. जेवायचं टेबल खाली पाडलं की पलंग होतो. हो, तो पण झाकणासारखाच. इथे सगळंच कशाचं तरी झाकण आहे.

… काय अहो?… थांब हं, चिमे, हे खिडकीतून काहीतरी विचारतायत. काय?… करवत? मला काय माहीत तुमची करवत! मी काय करवतीनं कांदा चिरते?… घरी राहिली असेल. बघा, डिकीत बघा. मी फोनवर आहे!

हां, बोल. काही नाही गं, ह्यांची हत्यारं. काय म्हणत होतीस?… कण्हले का? काही नाही गं, नुसती पाठ. गादी कडक आहे जरा. तुला नाही टोचणार, तुझी गादी वेगळी.

बरं, मग गुरुवार… "बघू" म्हणजे काय? "बघू" म्हणालीस की तू येत नाहीस. मला माहितीय. लग्नाआधीपासून माहितीय… घराला कुलूप? मग लाव कुलूप. कुंड्या? शेजारचा शिंपी घालेल पाणी, दिवसभर दारातच तर बसलेला असतो… अगं, कारणं किती सांगशील? तुझा ओटा एवढा लांब की त्याच्यावर पाहुणा झोपेल, चार-चार बर्नर, दोन कपाटं भरून भांडी, आणि बाईसाहेब उभ्या उभ्या बिस्किटं खातायत. इकडे मी एका बर्नरवर वाफा काढतेय. न्याय आहे का हा?

… बरं. बरं, नको येऊस. पण कुकर तरी बघशील का, चालतो का? चौदा महिने पडलाय. रिंग वाळली असेल. एवढा आणायचा आणि वाफ बाजूनं निघाली तर? आत्ता बघ… आत्ता म्हणजे आत्ता. मी धरते फोन. कुठाय तो?… वरच्या फळीवर. स्टूल घे. ते हलणारं नको, दुसरं घे. फोन ओट्यावर ठेव, स्पीकरवर टाक… हं. सावकाश. चढलीस?… धूळ? असणारच. पुसून घे. रिंग आहे आत?… ताणून बघ… नाही ना तुटत? मग पाण्यात बुडव जरा. आता तळाला थोडं पाणी, दोन बटाटे, झाकण, शिट्टी… नुसतं पाणी नको, बटाटे टाक. नुसत्या पाण्याची शिट्टी खरी नसते. कोण म्हणतं? मी म्हणते.

बटाटे आहेत का घरात?… कोंब आलेत? काढ कोंब. मीही तेच करते… लावलास? मोठ्या आचेवर?… छान. आता गप्पा मारू शिट्टी होईपर्यंत.

अगं, पाण्याची गंमत सांगायची राहिली. टाकीत चाळीस लिटर. तुझे भावजी म्हणाले, भरपूर आहे. पहिल्या दिवशी मी घरच्यासारखी भांडी घासली आणि दुपारी अंगावर साबण असताना ह्यांचं पाणी गेलं. टॉवेल गुंडाळून बाहेर, हातात बादली, आणि शेजारच्या गाडीतली बाई नेमकी तेव्हाच ओळख करून घ्यायला आलेली! आता तांदूळ धुतलेलं पाणी ताटं विसळायला, ताटं विसळलेलं पाणी टायरवर. टायर इतके स्वच्छ कुणाचे नसतील.

आणि आम्लेट! गाडी जराशी कलती उभी राहिली की आम्लेट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागद. जाड बाजू कुणाची यावरून आमची रोज… हो, मीच खाते. गाडी कोणी कलती उभी केली? मग? आता हे आधी ती पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी तव्यावर ठेवतात, मग चाकाखाली लाकडं सारतात, मग तव्यावर, मग चाकाखाली. तोवर माझी भूक मरते. शेवटी पट्टीला तेल लागलं…

काय?… काय करतेयस?… चिमे?… कुकरकडे बघतेयस. हं.

… बोल ना. मी ऐकतेय.

… हो. तुझे मास्तर मोजायचे ना शिट्ट्या. बाहेरच्या खोलीत वह्या तपासत बसायचे आणि तिथून ओरडायचे, "एक!" वर्गात हजेरी घेतल्यासारखे. मी आले होते तेव्हा मला वाटलं, हे कुणावर ओरडतायत… तू कधीच मोजल्या नाहीस? तीस वर्षांत एकदाही?… म्हणून मास्तर गेल्यापासून लावत नाहीस होय कुकर.

… अगं, वेडे. मला वाटलं, तुला भूक नाही.

… रड. रड गं, फोन चालू आहे माझा. मलाही आठवतात ते. ह्यांच्याशी वाद घालायला दुसरा माणूसच उरला नाही, सगळे वाद आता माझ्याशी घालतात… हसलीस ना? हसलीस. ऐकलं मी.

थांब… थांब थांब! शिट्टी! चिमे, एक!… हो, ऐकू आली, काय खणखणीत आली! रिंग चांगली आहे. एक झाली हं. लक्षात ठेव, मी ठेवलीय. बारीक कर जरा गॅस. तीन होऊ देत.

बटाटे किती टाकलेस?… चार. दोन म्हटलं होतं मी… सवय. हो. असू दे, दोन संध्याकाळी खा. आज बिस्किटांना सुट्टी.

… काय?… करवत? कसली करवत?… भावजी का शोधतात म्हणजे, सुतार माणूस आहे, करवत शोधणार नाही तर काय… कपाट? कपाटाचं काय?… छे गं! कापायला कुठे… म्हणजे… हो, कापता येतं. तळाची फळी चार बोटं वर घ्यायची. दहा मिनिटांचं काम आहे.

… हो. पहिल्याच दिवशी करणार होते.

… मीच दडवलीय. बस? झालं समाधान? इथे दडवायला जागा तरी कुठाय. माझ्या गादीखाली आहे. तीन आठवडे करवतीवर झोपतेय मी, म्हणून पाठ दुखतेय. बिचारे घरी विसरलो म्हणून हळहळतात, रोज डिकी उपसतात, आणि मी म्हणते बघा, बघा…

का म्हणजे? तुला नुसतं ये म्हटलं असतं तर आली असतीस? "बघू" म्हणाली असतीस. काम सांगितलं की तू नाही म्हणत नाहीस, लहानपणापासून… हो, लबाडच आहे मी. थोरली आहे, लबाडीही थोरलीच असणार!

थांब! दोन!… दोन झाल्या, मी म्हटलं ना मोजतेय!

ऐक, चिमे. कुकर नाही आणलास तरी चालेल. हे आज फळी वर घेतील, माझा कुकर मावेल. तू ये. मला तू हवीयस. रोज अकराला तुझा फोन येतो आणि मी विचारते काय खाल्लंस, आणि मग दिवसभर माझ्या घशाखाली घास उतरत नाही… नाही, आवाज ठीक आहे माझा. कांदा आहे. मांडीवर कांदा आहे म्हटलं ना मघाशी!

आणि एवढ्याशा खोलीत शिट्टी चुकणार कुणाची? तू, मी, हे, तिघंही मोजू. हे चुकीची मोजतील, पण मोजतील.

… काय म्हणालीस? परत म्हण. गाडी गेली बाहेरून… गुरुवारी किती वाजता?… दहाला. दहाला येतो आम्ही. तू मैदानावर नको येऊस, घरीच थांब, दाराशी येऊन घेऊन जाऊ… हो, ही खोली तुझ्या गल्लीत वळणार नाही, माहितीय. ह्यांना पाठवते चालत. पिशवी लहान आण हं. आणि कप आणायचा असेल तर मोज्यांत.

… आणतेस? कुकर पण आणतेस? अगं, पण आता… बरं बरं. आण. दोन कुकर, एक बर्नर. एक उशीखाली ठेवू.

तीन! ऐकलीस?… तूच म्हणालीस! माझ्या आधी म्हणालीस! जा, बंद कर गॅस. झाकण लगेच उघडू नकोस, वाफ जाऊ दे. मीठ लाव, गरम गरम खा. पोळून घेऊ नकोस… हो. ठेवते. ठेवते आता.

अहो!… अहो, डिकी बंद करा आणि इकडे या. तुमची करवत सापडली.