जर्मनीहून आलेलं काळं भांडं

तुम्ही हसून राह्यले, पण तवा मले हसू आलं नव्हतं. चंद्रपूरले आमच्या कॉलेजात पॉलिमर रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद होती. जर्मनीचे एक प्रोफेसर काचेचं बीकर लेकरासारखं मांडीवर घेऊन आले. आतून काळा थर होता. तोच त्यांचा कॅटॅलिस्ट. त्याच्यावर ते सगळ्यांसमोर प्लास्टिक तयार करून दाखवणार होते. मी बीकर प्रयोगशाळेत ठेवलं अन् त्यायले चहाले नेलं.

परत येतो तर बीकर लखलखीत! बाजूले प्रयोगशाळेतले भांडे धुणारी सिंधुबाई उभी.

"सिंधुबाई, हे काय केलं?"

"काऊन जी सर? बाहेरदेशचे पाव्हणे आले, अन् भांडं काळं ठेवाचं? घरून राख आणली होती, घासून टाकलं."

बीकर घेऊन सांगाले धावलो, तर प्रोफेसर मंचावर उभे. मागं पडद्यावर भाषणाचं नाव: 'कोणत्याही ॲसिडनं काचेवरून न निघणारा कॅटॅलिस्ट'. त्यायनं बीकरसाठी हात पुढं केला. मी देऊन टाकलं. त्यायनं उजेडात धरून पाह्यलं अन् ते पांढरेफटक पडले. माइकवरच मले इंग्रजीत विचारलं, "कोणतं ॲसिड वापरलं?"

मी दाराशी उभ्या सिंधुबाईले विचारलं, "कशानं निघालं, बाई?"

"राखच होती जी. पण जोर लई लागला."