क्रिश्तालचा वाकडा चषक

—नाही, हात लावू नका अजून त्या चषकाला. आधी बसा. आणि हे काय, बूट घालून आलात की आत! अहो कायेतानसाहेब, क्लबात तुम्ही जे कोण असाल ते असाल, ह्या घरात बूट दाराशी निघतात. त्या तिथं चपला आहेत बघा, घाला. मोठ्या होतायत? होणारच, होडीएवढ्या आहेत. आमच्या स्ताखूच्या, माझ्या नवऱ्याच्या. दुसऱ्या नाहीत, माझ्याकडे पाहुणे येत नाहीत. फरफटतायत तर फरफटू देत, खाली व्हान्दाबाई राहते, ती ठार बहिरी आहे. हां, बसा आता. हा पनीरचा केक घ्या. घ्या हो, विष नाही घातलेलं, तुमच्यावर कशाला फुकट घालवू.

तर काय म्हणत होतात — क्लबचा उज्ज्वल इतिहास. अगं बाई! वर्धापनदिन साजरा करायचा, भाषणं ठोकायची, आणि उन्हाळा लागला की क्लब उचलून समुद्रकाठच्या शहरात न्यायचा. नव्या मालकानं लीगमध्ये खेळायचा परवाना विकत घेतला म्हणे. घेऊ दे, विकायला ठेवला होता, घेतला. पण इतिहाससुद्धा सामानात बांधून नेणार तुम्ही? तिकडच्या चकचकीत हॉलात काचेच्या कपाटात मांडणार? वा रे वा! आमच्या ब्रोनिचे गावातल्या माणसांनी हातपाय भाजून घेतले, आणि बघायला कोण, तर समुद्रावरचे लोक, आइस्क्रीम चाटत. त्यांना माहीत तरी आहे का क्रिश्ताल म्हणजे काय ते?

इतिहास पाहिजे ना, मी सांगते. काचकारखान्याचा बास्केटबॉलचा क्लब, म्हणून नाव क्रिश्ताल, म्हणजे स्फटिक. सरळ, साधं. मग कारखाना बसला आणि जो पैसे देईल त्याचं नाव लावायचा तमाशा सुरू झाला. एक वर्ष खिडक्यावाल्याचं नाव. मग सॉसेजवाल्याचं — दोन-दोन मीटरचे बाप्ये छातीवर डुक्कर मिरवत धावताहेत, शोभा नुसती! मग रंगवाला आला, मग गाद्यावाला. गाद्यावाल्याच्या वर्षी तर झोपलेच होते सगळे, मार खात सुटले. वर छापलेलं काही असो, लोक आपले ओरडतात 'क्रिश्ताल! क्रिश्ताल!' — म्हणजे ओरडत असतील. मला काय ठाऊक? मी नाही जात. स्ताखू गेल्यापासून त्या हॉलची पायरी चढले नाही मी. दहा धटिंगण एका चेंडूसाठी एकमेकांना ढकलतात, त्यात बघायचं काय? आणि आताची पोरं तर विचारूच नका. सप्टेंबरात अमेरिकेहून येतात, मे महिन्यात पसार, गावाचं नाव विचारलं तर ततपप. तो तुमचा डावखुरा! शनिवारी शेवटच्या मिनिटाला दोन्ही फ्री थ्रो घालवले मेल्यानं, दुसरा तर कड्याला शिवलासुद्धा नाही, आणि वर हसतो कसला — काय? मला कसं कळलं? व्हान्दाबाईनं सांगितलं. तिचा रेडिओ चालू असतो सारखा. चहा घ्या, गार होतोय.

ऐक, तू माझ्या नातवाच्या वयाचा आहेस, मी अरे-तुरेच करते. तुला वाटतं का की तेव्हा सगळं सोन्याचं होतं? कसलं सोनं! सगळी लबाडी होती. खेळाडूंना खेळायचा पगार नसायचा तेव्हा, मग कारखान्याच्या हजेरीपटावर नावं घालायची. कोणी सुतार, कोणी वीजवाला. स्ताखू कोण, तर काच फुंकणारा, पहिल्या श्रेणीचा कारागीर! भट्टी कुठल्या बाजूला आहे ते माहीत नव्हतं त्याला. पगाराच्या दिवशी यायचा तेवढा, दारात वाकून, मांजरासारखा हसत. मी नक्षी कापायच्या खात्यात होते, हात दिवसभर थंड पाण्यात. भट्टीवरची माणसं त्याच्याकडे बघून थुंकायची. का नाही थुंकणार? सहा जणांचं काम चौघं ओढायचे, उरलेले दोघं वॉरसॉत जाऊन बास्केटबॉल खेळायचे. मीही थुंकायचे. मग लग्न केलं त्याच्याशी. काय करणार, देखणा होता गाढव.

आणि मग गुडघा गेला. हंगामाच्या मधोमध. प्रशिक्षकानं विचारपूस केली, फुलं पाठवली, झालं. आम्ही डायरेक्टरकडे गेलो — म्हटलं, ह्याला काहीतरी काम द्या, गोदामात, फाटकावर, कुठंही. डायरेक्टर म्हणतो कसा, 'काम कशाला द्यायचं? आहे की त्याला. काच फुंकणारा, पहिली श्रेणी. सोमवारपासून भट्टीवर यावं.' थट्टा नव्हती हं ती. कागदावर होतं ना! सगळ्या गावाला माहीत होतं खोटं आहे, पण कागदाला कोण खोटं म्हणणार? सोमवारी गेला स्ताखू. दोन मीटर पाच सेंटिमीटरचा माणूस, एक पाय ताठ, भट्टीपुढे दुमडलेला. माणसं वाटच बघत होती त्याची. कोणी शिकवेना. पहिल्याच आठवड्यात हात भाजला, मनगटापासून कोपरापर्यंत. संध्याकाळी घरी आला आणि ह्याच खुर्चीवर बसून रडला. हो, तू बसलायस त्याच. मी म्हटलं, ऊठ, तोंड धू, उद्या परत जायचंय. फार वाईट बोलले मी त्याला तेव्हा. पण गेला दुसऱ्या दिवशी.

पुढच्या वसंतात क्रिश्ताल अजिंक्य ठरला. ह्याच्याविना. संघाला कारखान्याकडून चषक द्यायचा होता, स्फटिकाचा. भट्टीवरचे म्हणाले, 'तुझीच टीम ना रे, तूच फुंक.' चिडवायला म्हणाले. आणि हा बाबा बसला की फुंकायला! किती फुटले त्याचा हिशेब नाही. रोज फुंकायचा, रोज फुटायचा. शेवटी हा एक तगला. वाकडा आहे, दिसतंय मला, मला डोळे आहेत. पोट एका बाजूला, तोंड दुसऱ्या बाजूला. पण त्या दिवशी भट्टीवरच्या उस्तादानं टोपी काढली आणि ह्याच्या डोक्यावर घातली. नक्षी? नक्षी मी कापली. वाकड्या भांड्यावर सरळ रेघ ओढून दाखव तू मला, मग बोल. समारंभात कॅप्टननं शँपेन ओतली तर ती सगळी एका बाजूनं त्याच्याच बाहीत गेली. अख्खा हॉल हसला. स्ताखू मागं दाराशी उभा होता, तोही हसला. त्याला पुढं बोलवायचं कोणाला सुचलं नाही.

कुठं मिळाला मला? उकिरड्यावर! कारखाना मोडला तेव्हा तुमच्या उज्ज्वल क्लबनं कपाटं रिकामी केली. सिगारेटच्या राखेनं भरला होता, राखपात्र केलं होतं त्याचं. मी धुतला, घरी आणला. स्ताखूनं भिंतीवरच्या कपाटात जागा करून दिली.

बरं, मला एक सांग. त्याच्या खाली पाटी लावाल ना, त्यावर काय लिहाल? — 'काचकारखान्याची भेट.' एवढंच? आणि स्ताखूचं नाव? का नाही बसत? — अच्छा. अजिंक्य संघात तो नव्हता. बरोबर. नव्हताच. जेव्हा खेळाडू होता तेव्हा त्याला काच-फुंक्या म्हणून लिहिलंत, आणि खरोखर फुंकायला लागला तर आता कुठंच नाही. शाब्बास रे तुमची! हे सांगायला कोट घालून, अत्तर लावून तीन जिने चढून आलास?

अरे, म्हटलं ना उचलू नकोस! — उचललास. जड आहे ना? दोन्ही हातांनी धर. तळाला धर, तळाला — ते? ते काही नाही. टेकू आहे. बूड वाकडं आहे ना त्याचं, खाली काही घातलं नाही तर डुलतो. रद्दी आहे ती, उलगडू नकोस. अरे, उलगडू नकोस म्हणते ना! — खिडक्या. हो, ते सॉसेज. डुक्कर आहे त्याच्यावर. गाद्या. पुठ्ठ्याच्या टाळ्या आहेत, त्या-त्या वर्षीचं नाव छापलेल्या, हॉलमध्ये खुर्चीखुर्चीवर ठेवतात, वाजवायला. फुकट असतात. दर हंगामाला एक. जुना पुठ्ठा दबून चपटा होतो, मग वर नवा घालावा लागतो.

वरचा? वरचा शनिवारचा आहे. बरं मग? जाते मी. दाराजवळच्या रांगेत बसते, मागं, स्ताखू उभा राहायचा तिथं. कोणाच्या बापाचं काय जातं? ओरडतेसुद्धा. त्या डावखुऱ्याला अशा शिव्या घातल्या की शेजारचा माणूस उठून गेला.

हसतोस काय? हसू नकोस. तू इतिहास गोळा करायला आलायस ना — मग मला सांग, पुढच्या वर्षी ह्याच्या खाली काय घालू मी?



ठेव तो. हळू. पुठ्ठे आधी, होते तसेच, शनिवारचा वर. जरा डावीकडे — हां. आता डुलत नाही. केक कागदात बांधून देते, गाडीत खा. चपला काढ, भिंतीशी जोडीनं ठेव. नीघ.