येते हं

उल्हासनगरला डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक आंधळी म्हातारी, तिच्या पलीकडे तिचा मुलगा, आणि त्याच्यासमोर उभा एक तरुण.

“दौलतशेठ, तुमच्या आईला मोबाईल वाचून दाखवतं ते सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळतो. नोकरीपण सोडलीय. थोडी स्पॉन्सरशिप मिळाली तर चालू ठेवता येईल.”

“पण सम्यक, ते तर फुकट आहे ना?”

“सगळ्यांना फुकटच राहावं म्हणून तर मागतोय.”

“देतो रे. आईचा अख्खा दिवस त्याच्यावर जातो. फक्त ते ‘येते हं’ काढू नकोस.”

“कुठलं?”

“बंद करताना ती बाई म्हणते ते.”

“बंद करताना ती काहीच बोलत नाही, शेठ.”

“आधी नव्हती बोलत. दिवाळीपासून बोलते.”

“त्यातला आवाज माझ्या आईचा आहे. रेकॉर्डिंगला, बंद करतानाचं म्हणून मी तिला ‘जाते’ म्हणायला सांगितलं होतं. तर चिडली. जाते काय म्हणायला लावतोस, येते म्हणावं, असं बोलली आणि उठली.”

“मग तेच आलं असेल त्यात.”

“तेव्हा माइक बंद केला होता मी. आणि दिवाळीत आई गेली.”

“आलीस होय? ये गं,” म्हातारी मध्येच म्हणाली.

“आई, कुणाशी बोलतेस? मोबाईल माझ्या खिशात आहे. बंद आहे तो.”

“हिच्याशी. हे बघ गं, तुझं पोरगं इथंच उभं आहे.”

म्हातारीनं माझा दंड चाचपला.

“ओ, जरा सरका की. बाईंना बसू द्या.”

मी सरकलो.