दोनशे अकरा वेळा

(घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, लॅपटॉपसमोर)

सून : ...म्हणून म्हणते आई, हेच सॉफ्टवेअर घेऊ. आप्पांचं चार तासांचं रेकॉर्डिंग घातलं, तर चहा होईपर्यंत बारा क्लिपा तयार! खाली अक्षरंसुद्धा.

सासू : आणि ते दुसरं?

सून : ते कासव आहे. सगळं आपणच ऐकायचं, कुठं तोडायचं तेही आपणच सांगायचं.

सासू : लाव बघू तुझ्या सशाची एक क्लिप.

सून : ही घ्या. आप्पा बारीक स्प्रिंग बसवतात ती.

सासू : अगोबाई, हे इतकं भरभर कधी बोलायला लागले? यांना नुसतं 'हं' म्हणायला पाव तास लागायचा.

सून : मधल्या रिकाम्या जागा ते काढून टाकतं. शिकणारी पोरं हल्ली थांबत नाहीत, आई. आणि आप्पाच म्हणायचे ना, माझी विद्या माझ्याबरोबर जायला नको?

सासू : म्हणायचे गं. आवाजही यांचाच आहे. पण कालवणात मीठ राहिल्यासारखं वाटतंय. आत्ता काय म्हणाले?

सून : 'चिमटा दे.'

सासू : कुणाला?

सून : तुम्हालाच की.

सासू : मला असं कधीच नाही म्हणाले.

सून : थांबा हं, इथं यादी आहे. काढलेले निरर्थक शब्द. 'अं' नव्वद, 'म्हणजे' चाळीस... अगं बाई!

सासू : काय झालं?

सून : 'अगं'. दोनशे अकरा वेळा.

सासू : निरर्थक?

सून : असं म्हणतंय मेलं.

सासू : एक्कावन्न वर्षांत यांनी माझं नाव घेतलं नाही. तेवढीच एक हाक होती. आणि तूही आत्ता 'अगं बाई' म्हणालीस, म्हणजे निरर्थकच बोललीस बरं का!

सून : हसता काय, डोळे पुसा आधी. घेऊया कासवच. महिना जाईल पण.

सासू : जाऊ दे. दुपारी मी भाजी निवडत ऐकेन, तू तोड.

सून : मग ही पहिली जागा. 'अगं, चिमटा दे.' पुढं कुणीच बोलत नाही, नुसती घड्याळांची टिकटिक. एवढं तरी तोडू ना?

सासू : नको. त्या टिकटिकीत मी निघालेय आतून, चिमटा घेऊन. गुडघ्यांमुळं वेळ लागायचा.