झाकण काढायचं नाही

जय भीम. बसून घ्या सगळे. दाराजवळ उभं राहू नका, मागच्या सतरंजीवर जागा आहे.

मी सुषमा. इंदूआत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. बोरसीहून आले आहे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. रडू येईल म्हणून नाही. माझा आवाज चढेल म्हणून. शोकसभेत आवाज चढवत नाहीत, एवढं मला कळतं. तरी उभी राहिले, कारण माझ्याआधी जे जे बोलले त्यांनी एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला. शांत. इंदूबाई शांत होत्या. शांतपणे जगल्या. शांतपणे गेल्या.

कोण शांत होतं?

पावर हाउसच्या बाजारात त्या जडीबुटीवाल्या पंसाऱ्याच्या दुकानासमोर तुम्ही आत्याला कधी पाहिलंत का? मी पाहिलं आहे. तिच्या हातात सुक्या बाबूनाची पुडी होती. बाबूना म्हणजे कॅमोमाइल. ते दुसरं नाव वैशालीनं, तिच्या मुलीनं, मोबाइलवर शोधून काढलं. आत्या शेवटपर्यंत बाबूनाच म्हणायची. तिनं पुडी उघडली, नाकाशी नेली आणि भर बाजारात ओरडली, "वास नाही, रंग नाही. भुसा देऊन राहिला का मले?"

तो म्हणाला, "अरे बाई, सूखा फूल है, सूखा ही रहेगा ना."

"सुकलेलं अन् सडलेलं मले वेगळं समजते, भैया. कावून फसवते?"

तिनं पुडी त्याच्या तराजूत ओतली आणि निघाली. मी तिच्या मागे, मान खाली घालून. त्याच थंडीत तिनं बी मागवलं आणि कॅम्प-एक वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घराच्या गच्चीवर कुंड्या मांडल्या. दिवाळीनंतर पेरायची. फेब्रुवारीत फुलं यायची. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळी गुंडी, पिकलेल्या सफरचंदासारखा वास. ऊन तापलं की झाडं जळून जायची. तेवढ्या दिवसांत वर्षभराची फुलं खुडायची, जुन्या सुती लुगड्यावर सावलीत सुकवायची. उन्हात सुकवलेलं तिला चालायचं नाही.

हे तिनं छंद म्हणून सुरू केलं नाही. आमचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. त्यांच्या हातांची, मानेची कातडी भाजून भाजून सुकी पडली होती, रात्रभर खाजवायचे. नाईट शिफ्ट करून आले की दिवसा झोप नाही. खोल्या तापलेल्या, गल्लीत आवाज. आत्यानं आधी त्यांच्यासाठी तेल केलं. तिळाच्या तेलात सुकी फुलं, मोठ्या भांड्यात पाणी, त्या पाण्यात तेलाचं भांडं, मंद आच, मग मलमलमधून गाळायचं. नंतर त्यात मधमाशीचं मेण घालून मलम केलं. मग डोळ्यांवर ठेवायची ती उशी. जवस आणि बाबूना भरलेली, तळव्याएवढी. फुफाजी त्या उशीखाली झोपायला लागले. शेजारच्यानं विचारलं. त्याच्या शेजारच्यानं विचारलं. फुफाजी गेले, तरी गल्ली येतच राहिली.

इथे बसलेल्यांपैकी किती घरांत ती उशी आहे? हात वर करू नका. मला माहीत आहे.

आणि तुम्हाला हेही माहीत आहे की आत्या तेलाची बाटली कधी त्याच दिवशी द्यायची नाही. एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावायची आणि म्हणायची, "उद्या ये. लाल झालं त भेटणार नाही." लोक चिडायचे. शेजारच्या चाची, तुम्हीच म्हणाला होता, "तेल देती है कि नौकरी देती है, बहिनी? इत्ती जाँच!" सगळ्या बायका हसल्या होत्या. आत्याही हसली. पण तेल दुसऱ्याच दिवशी दिलं.

चहाचंही तसंच. कपात फुलं, वर उकळतं पाणी, त्यावर ताटली. ती ताटली कुणी उचलली की हातावर फटका. "वास उडाला त बाबूना उडाला. मंग गरम पाणीच पी." आणि ताटली असेपर्यंत ती समोर बसायची. एकच प्रश्न विचारायची. "कुठं दुखते तुले?" त्यानंतर ती स्वतः काही बोलायची नाही. तुम्ही बोलायचं. सासू, नवरा, गुडघा, मुलाचं लग्न, जे असेल ते. ती मधे बोलायची नाही, सल्ला द्यायची नाही, डोकं हलवायची नाही. ताटली उचलली की संपलं.

तुम्ही ज्याला तिची शांती म्हणता ना, ती ही होती. ती शांत नव्हती. ती ऐकत होती.

आता मी आवाज चढवणार आहे. माफी मागत नाही.

या जानेवारीत आत्याला दम लागायला लागला. गच्चीचा जिना चढून गेली की कठड्याला धरून उभी राहायची. आडवी झाली की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायची. पायांवर सूज. हे तिनं लपवलं, असं तुम्ही म्हणता. तिनं लपवलं फक्त वैशालीपासून. पोरगी अंधारात रायपूरला नोकरीला जाते, अंधारात येऊन दुसऱ्या खोलीत निजते, तिच्या जिवाला आणखी घोर नको म्हणून. बाकी सगळ्यांना सांगितलं.

मोठेबाबा, तुम्ही घरातले वडीलधारे. तुमच्या धाकट्या भावाची ती बायको. तिनं पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं. तुमच्या घरात बाई आपणहून दवाखान्यात जात नाही. वडीलधाऱ्यांनी 'जा' म्हणावं लागतं. ती तुमच्याकडून तो एक शब्द ऐकायला आली होती. तुम्ही काय म्हणालात?

"वय झालं आता. तुही उशी ठेव डोयावर अन् झोप."

चाची, तिनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "गैस है बहिनी. अपनी ही चाय पियो ना." तुम्ही प्रेमानं म्हणालात. तिच्याच डब्यातून फुलं काढून तिला चहा करून दिलात. ताटलीही ठेवलीत. पण ताटली असेपर्यंत तुम्ही बोलत होता. तुमच्या नातवाच्या बारशाबद्दल.

आणि महिला मंडळाच्या बैठकीत, इथेच, याच विहारात, तिनं सांगितलं की रात्री आडवं होता येत नाही. कुणीतरी ओरडलं, "घ्या! साऱ्या कॅम्पाले झोपवणारीलेच झोप नाही!" केवढा हशा झाला म्हणे. तीसुद्धा हसली म्हणे. कोण ओरडलं, ते मला सांगितलं आहे. मी नाव घेत नाही. तिनं स्वतः मान खाली घातली आहे.

तिला शांत करण्यासाठी तुम्ही तिचंच सामान वापरलंत. तिचीच उशी, तिचाच चहा, तिचंच तेल. तिनं म्हटलं दुखतं, तुम्ही म्हणालात शांत हो. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, कुठं दुखते तुले?

तिनं मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, याची खात्री मी देत नाही. म्हणून मी तुमच्याहून मोठी होत नाही. पण ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्याच अंगणात काय बोललं गेलं ते मी ऐकलं, आणि ते ऐकून गप्प बसणारी मी नाही.

काय बोललं गेलं? "पोरीनं मायले फुलं पाजून मारलं." "हे झाडपाल्याचे धंदे. डॉक्टरले दाखवलं असतं त वाचली असती."

गंगाधरभाऊ, दुसरं वाक्य तुमचं. तुम्ही समोर बसला आहात. उजवा पाय लांब करून बसला आहात. तो पाय आहे म्हणून लांब करता येतो. मागच्या पावसाळ्यात टाचेची जखम घेऊन तुम्ही आत्याकडे मलम मागायला गेला होता. तिनं जखम पाहिली आणि मलमाची डबी पदराखाली घेतली. म्हणाली, "हे माह्या फुलाचं काम नव्हे. शुगर तपास. आजच जा." तुम्ही रागावलात. म्हणालात, एवढंसं मलम द्यायला काय जातं? तिनं तुमच्या बायकोला बोलावून तुम्हाला ऑटोत बसवलं. खरं की खोटं? मान हलवली तरी चालेल.

बरं. हलवली.

कुणाला मलम द्यायचं आणि कुणाला नाही, हे तिला कळत होतं. फुलानं काय होतं आणि काय होत नाही, हे तिला कळत होतं. स्वतःच्या छातीला बाबूना पुरणार नाही, हेही कळत होतं. म्हणून तर ती दारोदार सांगत फिरली.

आणि वैशाली? त्या सकाळी कामावर निघताना तिनं आईला भिंतीला टेकून झोपलेली पाहिली. तिला ते नवीन होतं. तिनं आईची नडगी बोटानं दाबली. खड्डा पडला, तो भरून आला नाही. तिनं कुणाला विचारलं नाही. मोठेबाबांनाही विचारलं नाही. ऑटो बोलावला, आईला उचलून बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कब से है ये?" वैशाली काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "एक महिना झाला. सगळ्यायले सांगून राहिली मी."

ती दवाखान्यातून परत आली नाही. तिचं शेवटचं पुरं वाक्य हे. तुम्ही म्हणता ती शांतपणे गेली.

जिनं एकटीनं हालचाल केली, तिच्यावर तुम्ही बोट ठेवलंत. गच्चीवरच्या कुंड्या उतरवल्या. नालीजवळ पालथ्या केल्या. अर्ध्या झाडांवर अजून फुलं होती. मोठेबाबा, तुम्ही जाहीर केलंत की या घरात हे पुन्हा होणार नाही. वैशाली तिथे, दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसली आहे. स्वतःच्या आईच्या शोकसभेत. त्या दिवसापासून ती कुणाशी एक शब्द बोललेली नाही, आणि तुम्ही म्हणता, पाहा, मनात पाप आहे म्हणून बोलत नाही.

तिला कुणी विचारलं?

तिनं कुंड्या पुन्हा मांडाव्यात की नाही, हे तिचं ती ठरवेल. नोकरी करेल, तेल करेल, दोन्ही करेल, काहीच करणार नाही. पण आज या विहारातून ती आईची मारेकरी म्हणून बाहेर जाणार नाही. त्यासाठी मी उभी राहिले. आत्याचं कौतुक करायला नाही.

आता पद्धतीप्रमाणे स्तब्ध उभं राहायची वेळ आहे. उठू नका. बसूनच राहा.

हा कप आत्याचा आहे. कान तुटलेला. यात नालीजवळून वेचून आणलेली फुलं आहेत. मी आणि माझ्या नवऱ्यानं काल वेचली, धुतली, सावलीत पसरली. पुरती सुकलेली नाहीत. आत्यानं नावं ठेवली असती. थर्मासमध्ये उकळतं पाणी आहे. मी ते ओततेय. वरून ही ताटली.

वैशाली, पुढे ये. चपला राहू दे तिथेच. चाची, जरा सरका, तिला वाट द्या. ये. आईच्या फोटोजवळ बस. असं, आमच्याकडे तोंड करून.

मोठेबाबा, चाची, गंगाधरभाऊ, सगळ्यांनीच ऐका. आजवर आत्यानं तुमच्यासाठी जशी शांतता पाळली, तशी आपण आज वैशालीसाठी पाळायची. मधे बोलायचं नाही. समजूत घालायची नाही. शांत हो, असं म्हणायचं नाही. ती बोलली तर ऐकायचं. नाही बोलली, तरी तिच्याकडे पाहत बसायचं. ताटली ती स्वतः उचलेल. तोवर कुणी हात लावायचा नाही.

इंदूआत्या, जय भीम.

वैशाली, कुठं दुखते तुले?